सोनटक्का डोक्यावरून गेलाय, शेंडे छाटू का?

माहेरवाशीण | २८ जून, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. पुण्यात तळमजल्यावर राहते, घरामागे दहा बाय सहा फुटांची मातीची जागा आहे. चार वर्षांपूर्वी आईने गुहागरहून वर्तमानपत्रात गुंडाळून सोनटक्क्याचे तीन कंद दिले होते. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी रोज तिथेच जातं, त्यामुळे आता चांगलं बेट झालंय. यंदा दांडे साडेपाच फुटांवर गेलेत. स्वयंपाकघराच्या खिडकीत अंधार, आणि परवाच्या पावसात निम्मे दांडे आडवे होऊन शेजारच्यांच्या स्कूटरवर पडले. शेजारी सज्जन आहेत, बोलले काहीच नाहीत, पण सीट पुसताना आमच्या खिडकीकडे बघत पुसत होते.

रविवारी सोसायटीचे माळीकाका मेंदीचं कुंपण कापायला आले होते. मी दूध आणायला गेले आणि परत येते तो काय, कुंपणाकडचं अर्धं बेट त्याच मोठ्या कैचीने सपाट! "ताई, शेंडा मारला की खालून फुटवे येतात. दुप्पट फुलं बघा तुम्ही." दिसतंय मात्र छान, एका रेषेत.

प्रश्न असा, की उरलेलं अर्धंही तसंच छाटून घेऊ का? गौरींना आई येणार आहे. तिच्यासमोर फुलं असली पाहिजेत.

गच्चीवरचा | २८ जून, दुपारी १२:०५

छाटा बिनधास्त. माझ्या गच्चीवर जास्वंद, शेवंती, तगर सगळं छाटतो, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त फुलं. झाडावर दया दाखवली की झाड फक्त पानं देतं.

खुरपं | २८ जून, दुपारी १२:११

थांबा. उरलेल्याला हात लावू नका. सविस्तर संध्याकाळी लिहितो, कामावर आहे.

कोकणकन्या | २८ जून, दुपारी १:३०

अरे देवा. आमच्या सावंतवाडीच्या घरी न्हाणीमागे सांडपाण्यावर सोनटक्क्याचं रान होतं. आजी त्याला फक्त कोयती लावायची आणि तीही बुडातून, दसऱ्या-दिवाळीनंतर. एकदा माझ्या धाकट्या काकाने वाट मोकळी करायला वरून सपासप कापले होते, तर आजी अंगणात उभी राहून ओरडली होती, "शेंडो कापलंस, आता फुला काय बुडाक येतली?" त्या वर्षी त्या बाजूला खरंच एक फूल नव्हतं.

निवृत्त मास्तर | २८ जून, सायंकाळी ५:५०

कोकणकन्येच्या आजींना माझा नमस्कार. शास्त्र तेवढंच आहे, मी फक्त लांबवून सांगतो. जन्मभर शाळेत तेच केलं.

कैची उचलण्याआधी बघायचं ते एवढंच, की या झाडाला फूल कुठे येतं. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात येतं. फांदी कापली की खालचे डोळे, म्हणजे दडलेले कोंब, फुटतात, एकीच्या तीन फांद्या होतात, तिन्हींवर कळ्या. शेवंतीचंही तसंच. शेंडा खुडला की बगलेतले डोळे जागे होतात. गच्चीवरचे साहेब सांगतात ते त्या झाडांपुरतं बरोबर आहे.

सोनटक्का म्हणजे आल्या-हळदीची भावकी. जमिनीवर दिसतो तो दांडा बराचसा पानांच्या देठांची एकात एक गुंडाळी असतो, केळीच्या खांबासारखी. मधून जो कोवळा गाभा वर चढतो, त्याच्या अगदी टोकाला हिरवं कणीस धरतं आणि त्या कणसाच्या खवल्यांआडून फुलं निघतात. वाटेत दांड्याला फांदी फुटेल असा डोळा नसतो. डोळे सगळे जमिनीखाली, कंदावर. म्हणजे एक डोळा, एक दांडा, एक कणीस. शेंडा गेला की त्या दांड्याचं कणीस गेलं. तो पुढे नुसता हिरवा राहील, कंदाला अन्न पुरवेल, पण फुलणार नाही.

गंमत म्हणजे याच भावकीत वेलदोड्याची फुलं बुंध्याशी, जमिनीलगत येतात. आल्याचंही फूल वेगळ्या आखूड दांडीवर कंदातून वर येतं. त्यांचा पाला वरून कापला तर फुलांची दांडी कैचीत सापडत नाही, सोनटक्क्याची सापडते. माळीकाकांचा दोष नाही, त्यांचा हात मेंदीवर बसलेला आहे.

ताई, एक प्रयोग कराल? कापलेल्यातला एक दांडा मुळाशी तोडा, उभा चिरा, आणि आत काय दिसतं ते सांगा.

खुरपं | २८ जून, रात्री ९:१५

मास्तरांनी माझं काम केलं. आता दांडे पडताहेत त्याबद्दल.

उंची कमी करू नका, गर्दी कमी करा. बेटात मध्ये करंगळीएवढे बारीक, पिवळट दांडे असतील, ते मातीपासून दोन बोटं वर कापून काढा. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या छोट्या कैचीने, कापा. ओढून उपटू नका, कंद उचकटून येतो. लांब खुंटही ठेवू नका, पावसाचं पाणी त्यात साचून सडतं. मग चार कोपऱ्यांना चार बांबू ठोका आणि दोन उंचीवर सुतळी फिरवा, एक गुडघ्याला, एक छातीला. एकेक दांडा बांधत बसू नका, गोठ्यात गुरं असतात तसे आत मोकळे राहू देत.

आणि मुळात इतके लांबुळके का झाले? ऊन किती तास? खत काय घालता?

माहेरवाशीण | २९ जून, सकाळी ८:२०

ऊन सकाळी दीड-दोन तास, मग इमारतीची सावली. खत म्हणाल तर एप्रिलमध्ये युरियाची मूठभर टाकली होती (माळीकाकाच).

मास्तर, प्रयोग केला! पाव कापायच्या सुरीने दांडा उभा चिरला, ओट्यावर आल्यासारखा वास सुटला. वरून कांद्यासारखे पापुद्रे. सात मोजले, मग कंटाळा आला. मध्ये पेन्सिलीएवढा पांढरा गाभा. तो कैचीच्या रेषेपर्यंत जातो आणि तिथे कापलेला आहे, टोक तपकिरी होऊन मऊ पडलंय. म्हणजे गेलाच ना हा?

दुसरा एक बुटका दांडा चिरला नाही, नुसता न्याहाळला. त्याची फक्त पानं कापली गेली होती. त्यातून नवीन पान गुंडाळी सोडवत बाहेर येतंय आणि त्याचं टोक सरळ रेषेत कापलेलं आहे, कागदाचं कापतात तसं. हा जगेल का?

निवृत्त मास्तर | २९ जून, सकाळी १०:०२

पहिला गेला. दुसरा जगेल आणि फुलेलही. त्याचा गाभा कैचीच्या खाली होता, म्हणून वाचला. चौकोनी टोकाच्या पानांवर खूण करून ठेवा, गौरींपर्यंत तुमच्याकडे हिशेब तयार असेल.

कापलेले दांडे मात्र आता बुडातून काढू नका. हिरवी पानं आहेत तोवर ती कंदाचं स्वयंपाकघर आहेत.

गच्चीवरचा | २९ जून, सकाळी १०:३०

चूक कबूल. सोनटक्का मी लावलेला नाही, तरी सल्ला दिला. मग कर्दळीचं काय? तीही अशीच एकेक दांड्याची. मी फुलं संपली की वरून कापतो आणि पुन्हा फुलते.

खुरपं | २९ जून, दुपारी १:१०

कर्दळ मधली आहे. पहिला तुरा संपला की त्याच दांड्यावर खालच्या पानाच्या बगलेतून दुसरा तुरा निघतो. म्हणून सुकलेला तुरा तेवढा, खालच्या कोंबाच्या वर कापायचा. तोही फुलून संपला की दांडा जमिनीलगत. सोनटक्क्यात दुसरी संधी नाही.

युरिया बंद करा, ताई. नत्र आणि सावली दोन्ही मिळाली की दांडा ऊन शोधत वर पळतो आणि अंगात बळ नसतं. त्याऐवजी कुजलेलं शेणखत आणि चुलीची राख मिळाली तर मूठभर.

थेम्सकाठी | २९ जून, दुपारी ४:४५

धागा वाचून मजा येतेय, कारण इथे इंग्लंडमध्ये मी दर मे महिन्यात नेमकं माळीकाकांचं काम करते आणि ते बरोबर असतं. लंडनला चेल्सीचं फुलांचं प्रदर्शन मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतं. त्याच सुमाराला लोक उंच वाढणारी बारमाही फुलझाडं, म्हणजे फ्लॉक्स, हेलेनियम, अ‍ॅस्टर, सेडम, एक तृतीयांश ते निम्मी छाटतात. त्याला इथे 'चेल्सी चॉप'च म्हणतात. झाड बुटकं आणि भरगच्च होतं, वाऱ्यात पडत नाही, फुलं आकाराने जरा लहान पण संख्येने जास्त, आणि काही आठवडे उशिरा. मी बेटाचा पुढचा अर्धा भाग छाटते आणि मागचा तसाच ठेवते, म्हणजे आधी मागची फुलतात, मग पुढची.

पण त्या झाडांच्या दांड्यांना पानापानाच्या बगलेत डोळे आहेत. सोनटक्क्याला ते करून बघायचं धाडस मी केलं नाही. माझा कुंडीत आहे, हिवाळ्यात काचघरात जातो. चार वर्षांत एकदाच फुलला, ऑक्टोबरमध्ये. त्या रात्री मी स्वयंपाकघरातला दिवा बंद करून बसले होते, उगाच.

पावशा | ३० जून, सकाळी ७:५५

बेट घराला इतकं लागून आहे, साप येत नाहीत का? आमच्या सासूबाई सोनटक्का, केवडा दाराजवळ लावूच देत नाहीत. वासाला साप येतो म्हणतात.

खुरपं | ३० जून, सकाळी ९:२०

वासाला येत नाही. ओलावा असतो, बेडकं असतात, बेडकांमागे येतो. बुडाशी वाळकी पानं आणि मेलेले दांडे साठू दिले नाहीत, खालची वीतभर जागा उजेडाची ठेवली, की लपायला जागा उरत नाही. विरळणी करायचं हेही एक कारण आहे. रात्री हात घालायचा नाही, बॅटरीशिवाय तर नाहीच.

ऑकलंडकर | ३० जून, सकाळी ११:११

माझं दुःख वेगळं. न्यूझीलंडमध्ये याचे दोन भाऊबंद, पिवळा आणि 'काहिली' नावाचा, जंगलांत इतके माजलेत की ते विकायला आणि वाढवायला बंदी आहे. घर घेतलं तेव्हा मागच्या उतारावर पिवळ्याचं बेट होतं. मी आनंदाने बायकोला फोटो पाठवला, "सोनटक्का आहे गं!" मग शेजारच्या आजोबांनी येऊन समजावलं. तीन शनिवार खणत होतो. कंदाचा तुकडा राहिला तरी पुन्हा उगवतो, कंपोस्टमध्येही टाकायचा नाही.

आपल्याकडे आई पाटाच्या कडेला ज्याची लावणी करायची, ते इथे पिशवीत बांधून कचराभूमीवर पाठवलं. तुम्हीही खणून काढलेले जास्तीचे कंद ओढ्या-नाल्यात टाकू नका, एवढीच विनंती.

कोकणकन्या | ३० जून, दुपारी २:४०

आणि क्युबाचं राष्ट्रीय फूल सोनटक्काच आहे! तिथे त्याला मारिपोसा म्हणतात, म्हणजे फुलपाखरू. एकाच्या गळ्यात ताईत आणि दुसऱ्याकडे हद्दपारी.

माहेरवाशीण | १९ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. विरळणी केली (न कापलेल्या बाजूचे पाच बारीक दांडे बुडातून काढले), बांबू-सुतळी बांधली. स्कूटर सुरक्षित. खिडकीत उजेड आला, कारण बेट आता बाहेर झुकत नाही.

एक नवीन संकट. पानं लांबीच्या बाजूने गुंडाळून चिकटवलेली दिसतात. उलगडलं तर आत फिकट हिरवी, काचेसारखी अळी, डोकं काळं. पान कडेने कुरतडलेलं. काही फवारू का?

निवृत्त मास्तर | २० ऑगस्ट, सकाळी ६:५०

हळदीवरही हीच येते. हिचं पुढे गडद तपकिरी, पंखांवर पांढरे ठिपके असलेलं छोटं फुलपाखरू होतं. दहा-बारा पानं गुंडाळली म्हणून बेटाचं काही बिघडत नाही. फार वाटलं तर गुंडाळी हाताने काढा. मी काढत नाही. बुलबुल आणि शिंपी पक्ष्यांना ती उलगडता येते.

कणसं दिसली का?

माहेरवाशीण | २० ऑगस्ट, सकाळी ७:१०

न कापलेल्या बाजूला चार! मक्याच्या कोवळ्या कणसासारखी, हिरवीगार. कापलेल्या बाजूला शून्य. पण त्या बाजूला जमिनीतून सहा नवे कोंब आलेत, लालसर टोकाचे. माळीकाका म्हणाले, "बघा, आले की नाही फुटवे?" मी काही बोलले नाही.

माहेरवाशीण | ८ सप्टेंबर, रात्री ११:३०

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. हिशेब देते.

न छाटलेली बाजू: १४ दांडे, ९ कणसं. छाटलेली बाजू: १७ दांडे, ३ कणसं. आणि ती तिन्ही कोणती, तर चौकोनी टोकाच्या पानांची! मास्तर, तुमच्या चरणी एक कणीस वाहिलं असं समजा.

आईने आल्याआल्या परसात जाऊन बघितलं आणि विचारलं, "ही बाजू कोणी बोडकी केली?" तिला कळायला पाच सेकंद लागले.

रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही दोघी लांब झालेल्या पांढऱ्या कळ्या खुडायचो. आई ओल्या पंचात गुंडाळून ठेवायची. साडेसात-आठला उलगडून बघितलं की निम्म्या उमललेल्या. एक फूल मी उजेडात धरून बघितलं. जिला आपण मोठी पाकळी म्हणतो तिच्या मुळाशी फिकट हिरवट-पिवळी छटा असते आणि पाकळी इतकी पातळ की बोटाच्या रेषा पलीकडून दिसतात.

निवृत्त मास्तर | ९ सप्टेंबर, सकाळी ६:३५

त्या पाकळ्या नव्हेतच. खऱ्या पाकळ्या म्हणजे मागे लोंबणाऱ्या तीन अरुंद पट्ट्या, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. समोर मिरवतात ते रूप बदललेले पुंकेसर. मधली मोठी, टोकाला चिरलेली ओठासारखी जी असते, ती दोन पुंकेसर जुळून झालेली. परागकण देणारा पुंकेसर एकच शिल्लक आहे, मधोमध उभा. बाकीचे सगळे सजावटीला गेले. रात्री वास सुटतो तो निशाचर पतंगांसाठी, आपण मधल्यामध्ये वेणी करतो.

गच्चीवरचा | ९ सप्टेंबर, सकाळी ९:००

फुललेली कणसं आता काढायची का? की तिथे मात्र कैची चालते? (आता विचारून करतो.)

खुरपं | ९ सप्टेंबर, दुपारी १२:४५

कणसातली शेवटची कळी फुलून गेली की मी तो दांडा लगेच बुडातून काढतो. त्याचं काम संपलं. शेजारच्या कोंबाला उजेड मिळतो, तो ऑक्टोबरात फुलतो.

निवृत्त मास्तर | ९ सप्टेंबर, दुपारी ३:२०

इथे माझं आणि खुरप्यांचं पटत नाही. फूल संपलं तरी पानं दोन-तीन महिने हिरवी असतात आणि तेवढा काळ ती कंद भरत असतात. पुढच्या वर्षीचा जाड दांडा त्याच भरलेल्या कंदातून येतो. मी फक्त वाळकं कणीस चिमटीने मोडतो आणि दांडा पिवळा पडल्यावर, साधारण डिसेंबरात, कापतो.

खुरपं | ९ सप्टेंबर, दुपारी ३:५५

मास्तरांची बाग मोठी आहे. दहा बाय सहात ही चैन परवडत नाही. सगळे ठेवले तर मधले कोंब गुदमरतात.

कोकणकन्या | ९ सप्टेंबर, सायंकाळी ६:०५

दोघांचं मिटवते. आजी बेटाच्या कडेचे दांडे पिवळे होईपर्यंत ठेवायची आणि मधले फुलून गेलेले लगेच काढायची. मधून हात जाईल एवढी वाट तिला लागायची, न्हाणीच्या बंबाचं लाकूड मागे रचलेलं असायचं ना.

खुरपं | ९ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

हे मान्य.

पावशा | १० सप्टेंबर, सकाळी ८:१०

अवांतर होतंय, पण शेवंतीचे शेंडे कधीपर्यंत खुडायचे? माझी अजून वीतभरच आहे.

गच्चीवरचा | १० सप्टेंबर, सकाळी ८:४०

हे मला नक्की माहीत आहे, हाहा. आता थांबा. दिवस लहान व्हायला लागले की शेवंती कळ्या धरते. श्रावण संपेपर्यंत खुडत राहायचं, गणपतीनंतर हात आखडता. आता खुडलं तर कळ्याच खुडल्या जातील.

माहेरवाशीण | २६ ऑक्टोबर, रात्री ९:२५

शेवटचा हिशेब. छाटलेल्या बाजूला ऑगस्टमध्ये आलेल्या सहा कोंबांपैकी दोन आता फुललेत, कमरेएवढ्या उंचीवरच. बाकीचे थंडीच्या आधी काही करतील असं दिसत नाही. म्हणजे माळीकाकांचे फुटवे आले, पण कैचीमुळे नव्हे, कंदावर डोळे शिल्लक होते म्हणून. न छाटलेल्या बाजूलाही पाच नवे आलेतच की.

मधले फुललेले काढले, कडेचे ठेवलेत. आजींच्या पद्धतीने.

थेम्सकाठी | २७ ऑक्टोबर, पहाटे २:५०

आमच्याकडे काल पहिलं दव गोठलं. काचघरात हलवताना एक दांडा मोडला, बुडातूनच. योग्य ठिकाणी मोडला म्हणायचं.

पावशा | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

ताई, कंद देणार का? मी पण पुण्यातच. सासूबाईंना बॅटरी आणि उजेडाचं सांगितलंय, तयार झाल्यात.

माहेरवाशीण | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

नक्की, पण आत्ता नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात बेट फोडणार आहे, चार वर्षं झालीत, कंद एकमेकांवर चढलेत. दोन-तीन डोळ्यांचा एकेक तुकडा करीन. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दोन इंच खोल, दोन तुकड्यांत हातभर अंतर, आणि जिथे पाणी जातं तिथे.

पहिले दोन तुकडे माळीकाकांना जायचेत. गौरीच्या दिवशी त्यांनी कळ्यांची ओंजळ घरी नेली होती, आता त्यांच्या बायकोने कंद मागितलाय.